एकट्या गळ्याचे गाणे

आयर्लंडमधील वाद्यांविना गायनाबद्दल या सदरात मागे एक लहानसे उत्तर छापले होते. त्यानंतर महिनाभरात त्याच विषयावर इतकी पत्रे आली की या खेपेचे संपूर्ण सदर त्यासाठी राखून ठेवले आहे. सारी पत्रे नागपूरची आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि नेहमीप्रमाणे पत्रलेखकांची नावे न देता केवळ वस्तीचा उल्लेख केला आहे.

मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली, कूलर थांबला, आणि मोबाईलवर आपोआप लागलेले एक गाणे मला स्पष्ट ऐकू येऊ लागले. एक म्हातारा माणूस गात होता. वाद्य नाही, ठेका नाही आणि भाषेचा एक शब्दही कळत नाही. गाणे संपले तेव्हा माझे डोळे भरून आले होते. हे गाणे कोणत्या प्रकारचे, आणि न समजणाऱ्या भाषेतले गाणे मनाला एवढे का लागावे? (एक वाचिका, धरमपेठ)

आपण पाठविलेला दुवा उघडून पाहिला. आपण ऐकले ते 'शॅन-नोस' पद्धतीचे गायन आहे. आयरिश भाषेत 'शॅन' म्हणजे जुना आणि 'नोस' म्हणजे रीत. थोडक्यात, जुन्या वळणाचे गाणे. गंमत अशी की, हे नाव मात्र जुने नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनाची चळवळ उभी राहिली, १८९३ मध्ये गेलिक लीग स्थापन झाली, १८९७ पासून 'इराख्तस' हा भाषेचा उत्सव भरू लागला, आणि शहरातील व्यासपीठांवर पियानोच्या साथीने, पाश्चात्य पद्धतीने कमावलेल्या आवाजात आयरिश गाणी गायली जाऊ लागली, तेव्हा खेड्यापाड्यांतून चालत आलेल्या गायनाला वेगळे ओळखण्यासाठी या शब्दाची गरज पडली. पश्चिम किनाऱ्यावरील झोपडीवजा घरात चुलीपाशी बसून गाणारा माणूस आपल्या गाण्याला नुसते गाणेच म्हणत होता. जात्यावर बसलेली आपली बाईदेखील आपण लोकसंगीत सादर करीत आहोत असे कधी म्हणाली नव्हती.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळतो. आयरिश भाषेत कुणाला गाण्याचा आग्रह करायचा असेल तर 'अबर औरान' असे म्हणतात. 'औरान' म्हणजे गाणे आणि 'अबर' हे 'म्हण', 'सांग' या अर्थाचे आज्ञार्थी रूप आहे. म्हणजे त्या भाषेत गाणे म्हटले जाते. इंग्रजीत असे बोलता येत नाही, मराठीत मात्र आपण सहज बोलतो. 'बाळा, एक गाणे म्हणून दाखव', 'आजी ओव्या म्हणते', 'दिंडीत अभंग म्हणत चालले होते' ही आपली रोजची वाक्ये आहेत. माझ्या मते या गायनाच्या ओढीचे सारे मर्म या एका क्रियापदात आहे. गायक समोरच्या माणसाला काहीतरी सांगत असतो. ते सांगणे सुरात आहे इतकेच. म्हणून लय शब्दांच्या चालीने चालते. बोलताना एखादे अक्षर लांबते तसे गाण्यातही लांबते, आणि दम घ्यायचा तो वाक्याच्या सोयीने घेतला जातो. म्हणूनच कित्येक जुने गायक गाण्याची शेवटची ओळ, किंवा तिच्यातले शेवटचे दोनचार शब्द, सूर सोडून साध्या आवाजात बोलून टाकतात. आपण ऐकलेल्या गाण्याच्या अखेरीस तसे झाले आहे. पुन्हा ऐकून पाहावे. सांगायचे ते सांगून झाले, आता उठू या, असे ते थांबणे असते.

न कळणाऱ्या भाषेतील गाणे का लागते, याचे एक कारण मला असे दिसते की गायक स्वतः दुःखाचा आविर्भाव करीत नाही. मृत्यूचा शब्द आला म्हणून तो आवाज खाली आणीत नाही, प्रियकराने फसविल्याचे सांगताना आवाज कापरा करीत नाही. पहिल्या कडव्याचा आवाज आणि शेवटच्या कडव्याचा आवाज जवळजवळ सारख्याच उंचीचा असतो, डोळे मिटलेले असतात, पूर्वी तर गायक टोपी कपाळावर ओढून घेत किंवा तोंड भिंतीकडे वळवून बसत. त्यामुळे ऐकणाऱ्यावर कोणतीही भावना लादली जात नाही आणि तो आपल्या मनातले दुःख त्या रिकाम्या जागेत आणून ठेवतो. आपण आपले डोळे भरून आल्याचे लिहिले आहे. त्या क्षणी आपल्या मनात कोण होते, हे विचारण्याचा अधिकार मला नाही, परंतु कुणीतरी होते असे मला वाटते.

आणि वीज गेली होती, ही गोष्टही किरकोळ समजू नये. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॉनेमारा भागात हिवाळ्यात रात्री एकमेकांच्या घरी जमून उशिरापर्यंत जागण्याची जुनी रीत होती. चुलीत दलदलीतून कापून वाळविलेल्या मातीच्या विटा जळत असत; त्यांना ज्वाळा कमी आणि धग अधिक. बाहेर अटलांटिकचा वारा, आत एक आवाज. या गायनाची घडण अशा खोलीत झाली आहे. खसच्या ताटीतून घरघरणाऱ्या कूलरपुढे ते ऐकू येणार नाही. नागपुरात ते ऐकायचे तर डिसेंबरातील रात्र उत्तम.

मी सात वर्षे शास्त्रीय गायन शिकतो आहे. तानपुरा नसताना हे गायक सुरात कसे राहतात? मला काही ठिकाणी गंधार आणि निषाद (ग आणि नी) उतरलेले वाटले. त्यांच्या हरकती आपल्या मुरकीसारख्या आहेत का, आणि या संगीताचे भारताशी प्राचीन नाते आहे हे खरे का? (एक विद्यार्थी, महाल)

तुमच्या कानाने जे टिपले ते बरोबर आहे. त्याचा निष्कर्ष मात्र थोडा बदलावा लागेल. अनेक जुन्या गायकांचे गंधार आणि निषाद हे पूर्ण शुद्धही नसतात आणि पूर्ण कोमलही नसतात. ते मधल्या एका जागी उभे असतात, आणि त्याच गाण्यात पुढच्या कडव्यात ती जागा किंचित बदलतेही. हे चुकून होत नाही, कारण तोच गायक तीच जागा पुन्हा पुन्हा तशीच लावतो. पियानोच्या पट्टीवर हे स्वर सापडणार नाहीत. आपल्याकडे श्रुतींचा, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांचा, विचार करणाऱ्या विद्यार्थ्याला तरी ते परके वाटू नयेत. तानपुरा नाही हे खरे, आणि म्हणून लांबलचक गाण्यात षड्ज, म्हणजे मूळ सा, हळूहळू वर सरकल्याचेही कधी कधी आढळते. गाणारा आणि ऐकणारा, दोघांनाही त्याचे काही वाटत नाही, कारण मोजून पाहायला दुसरा स्वर खोलीत नसतोच.

हरकतींविषयी बोलायचे तर कॉनेमाराच्या गायकांत त्या सर्वांत दाट असतात. मुख्य स्वराच्या आजूबाजूचे दोनतीन स्वर झटकन घेऊन पुन्हा मूळ स्वरावर येणे, एका स्वरावरून लांबच्या स्वरावर जाताना मधली पायरी भरून काढणे, हे प्रकार तुमच्या कण, खटका आणि मुरकी यांच्या जवळचे आहेत. परंतु त्या कुठे येतात हे लक्षपूर्वक पाहा. त्या बहुधा शब्दातील महत्त्वाच्या, आघाताच्या अक्षरावर न येता त्याच्या शेजारच्या दुबळ्या अक्षरावर येतात, म्हणजे अर्थाचे अक्षर स्वच्छ राहते. शिवाय हे गायक स्वरांवर रेंगाळतात तसेच व्यंजनांवरही रेंगाळतात. न, म, ल, र या व्यंजनांवर तोंड जवळजवळ मिटून सूर धरून ठेवायचा, ही त्यांची खास लकब आहे, आणि त्यामुळेच आवाज नाकातून येतो असे नवख्याला वाटते. तुमच्या गुरुजींनी 'आ'कार मोकळा लावायला शिकविले असेल. इथे नेमके उलट शिकावे लागते. प्रत्येक कडव्यात हरकतींच्या जागा बदलतात आणि दोन वेळा तेच गाणे म्हटले तर दोन्ही वेळा ते हुबेहूब सारखे येत नाही.

सगळा आयर्लंड मात्र असा गात नाही. उत्तरेकडील डोनेगालचे गायन तुलनेने साधे, लयीला धरून चालणारे आहे. दक्षिणेकडील मन्स्टर प्रांतात आवाज अधिक मोकळा लागतो आणि चालीची झेप मोठी असते. वॉटरफर्डच्या रिंग गावचे निक्लॉस टोबीन (१९२८–१९९४) हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. कॉनेमाराची दाट वीण ऐकून झाल्यावर टोबीन ऐकले तर एकाच भाषेत इतके वेगळे गळे कसे, असा प्रश्न पडतो. वऱ्हाडी बोली आणि झाडी बोली कानाला जशा वेगळ्या लागतात, तसेच हे आहे.

ख्यालाशी तुलना मला अर्धीच पटते. ख्यालात दोन ओळींची बंदिश घेऊन तासभर राग उलगडता येतो, शब्द मागे पडले तरी चालतात. इथे कडवी ठरलेली असतात, चाल बहुधा चार ओळींची असते, आणि गोष्ट पुढे जायलाच हवी. तुलना करायचीच तर आलापापेक्षा आपल्या ओवीशी आणि कीर्तनकार ठेका थांबवून जे पद सांगतात त्याच्याशी करावी, असे मी सुचवीन. तरीही तुमचा प्रश्न नवा नाही. संगीतकार शॉन ओ रियाडा (१९३१–१९७१) यांनी १९६२ मध्ये आयरिश नभोवाणीवरील आपल्या व्याख्यानमालेत श्रोत्यांना सांगितले होते की, हे गायन युरोपीय संगीताच्या कानाने ऐकू नये, त्यापेक्षा भारतीय संगीत डोळ्यांसमोर ठेवून ऐकावे. मुद्दा ऐकण्याच्या पद्धतीचा होता आणि तो फार मोलाचा आहे. सुरावटींचे थर एकावर एक रचण्यापेक्षा एकच ओळ पुन्हा पुन्हा फिरून, दर वेळी थोडी बदलून येणे, हे दोन्हीकडे आहे. मात्र त्यावरून आयर्लंड आणि भारत यांचे संगीत कधीकाळी एकाच घरात नांदत होते, असे जे लिहिले जाते त्याला पुराव्याचा आधार नाही. समाजमाध्यमांवर असे लेख वाचून हुरळून जाण्याचा मोह तुम्ही टाळावा. दोन अनोळखी माणसे एकाच तऱ्हेने हसली म्हणून ती भावंडे ठरत नाहीत.

एका चित्रफितीत गायकाचा हात शेजारच्या माणसाने धरला होता आणि गाणे चालू असताना तो हळूहळू गोल फिरवत होता. हा कोणता विधी आहे? (पती-पत्नी, रामदासपेठ)

विधी नव्हे, सोबत आहे. गायक डोळे मिटून कठीण जागी शिरला की जवळचा कुणी त्याचा हात हातात घेतो आणि कडव्याच्या चालीने दोघांचे हात सावकाश फिरत राहतात. त्याच वेळी बाकीची मंडळी मधूनमधून दाद देतात. त्यांतील एक दाद 'मो ह्योल हू' अशी आहे. शब्दशः तिचा अर्थ 'माझे संगीत तूच' असा होतो. आपल्या बैठकीत 'वाहवा' जाते तशीच ती गाणे चालू असताना जाते, संपण्याची वाट पाहत नाही. वाद्यांची साथ नाही म्हणून या गायनाला एकल म्हणायचे, परंतु माणसांची साथ इतकी असते की मला तो शब्द वापरताना नेहमी संकोच वाटतो.

या गाण्यांचे विषय काय असतात? कुणीतरी दोनशे वर्षांपूर्वी बुडाले, त्याचे गाणे आज गाऊन काय मिळते? (एक व्यापारी वाचक, इतवारी)

आपण बहुधा अ‍ॅनाडाउन गावच्या दुर्घटनेवरील गाण्याविषयी वाचले असावे, तेव्हा तेच उदाहरण घेतो. सप्टेंबर १८२८ मध्ये कॉरिब सरोवरातून गॉलवे शहरातील बाजाराकडे एक जुनी नाव निघाली होती. नावेत माणसे होती आणि विकायला नेलेली मेंढरेही होती. सांगतात ते असे की, एका मेंढीचा खूर तळाच्या फळीतून आरपार गेला. पाणी आत येऊ लागले तेव्हा एकाने आपला कोट त्या भोकात कोंबला आणि तो घट्ट बसावा म्हणून वरून पाय दिला, आणि त्या भाराने सगळी फळीच निखळली. अँथनी रॅफ्टरी (१७७९–१८३५) या अंध, फिरत्या कवीने त्यावर गाणे रचले. त्यात अकरा पुरुष आणि आठ स्त्रिया गेल्याचा हिशेब आहे, काहींची नावे आहेत, आणि त्या पाण्याला शापही आहे.

आपला व्यवसाय इतवारीत आहे. सकाळी माल घेऊन बाजाराला निघालेली माणसे संध्याकाळी परत आली नाहीत, याचा अर्थ आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. त्या गावात वर्तमानपत्र नव्हते, बहुतेकांना वाचता येत नव्हते. गाणे हीच नोंद होती. कोण गेले, कसे गेले, कुणाचा मुलगा होता, हे सारे चालीत बांधले गेल्यामुळे विसरता येईना. अशा गाण्यामागच्या हकिगतीला आयरिशमध्ये गाण्याचा 'ऊदर' म्हणतात, आणि चांगला गायक गाणे सुरू करण्यापूर्वी ती हकिगत बोलून सांगतो, कारण गाण्यात कथा सलग नसते. तिच्यातील फक्त दुखऱ्या जागा असतात. हकिगत माहीत असल्याशिवाय गाणे म्हणणे म्हणजे पत्ता न लिहिता पत्र टाकणे, असे मला वाटते.

बाकीच्या गाण्यांत प्रेमभंगाची गाणी सर्वांत जास्त आहेत. त्यांतली कित्येक फसविल्या गेलेल्या स्त्रीच्या तोंडची आहेत आणि ती पुरुष गायकही निःसंकोचपणे, एक शब्द न बदलता म्हणतात. ज्ञानोबांची विरहिणी वारकऱ्यांच्या तोंडून ऐकणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटण्याचे कारण नाही. याशिवाय भक्तिगीते आहेत, येशूसाठी तीन मरियांनी केलेल्या शोकाचे एक फार जुने गाणे आहे, परदेशी गेलेल्यांची आहेत, दारूची आणि चेष्टेची आहेत. मृत माणसाजवळ बसून बायका आळवीत ते शोकगान मात्र वेगळे. धर्मगुरूंनी त्याला सतत विरोध केला आणि घराघरांतून ते नाहीसे झाले.

भाषा बोलणारी माणसेच उरली नाहीत, तर गाणे कसे उरले? (एक निवृत्त शिक्षक, वर्धा रोड)

आपला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. १८४५ पासून बटाट्याचे पीक कुजत गेले आणि त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली, तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली. ज्या पश्चिमेकडील गरीब वस्त्यांत आयरिश बोलली जात होती त्यांनाच सर्वाधिक झळ बसली. १८५१ च्या जनगणनेत आयरिश बोलणारे सुमारे १५ लाख होते. १८३१ पासून सुरू झालेल्या सरकारी शाळांचे माध्यम इंग्रजी होते, आणि मुलाने आयरिश शब्द उच्चारला की गळ्यात बांधलेल्या काठीवर एक खाच पाडायची व दिवसाअखेर खाचा मोजून शिक्षा करायची, अशी पद्धत अनेक गावांत होती. आईवडिलांनाही ती मान्य होती, कारण मुलाला बोटीने अमेरिकेला जायचे होते आणि तिकडे आयरिशचा उपयोग नव्हता. आपण शिक्षक होता. पालकांची ही बाजू आपण आपल्या शाळेतही ऐकली असेल. २०२२ च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे सुमारे ७२ हजार आहेत.

गाणे उरले ते आधी दुर्लक्षित कोपऱ्यांमुळे. कॉनेमारातील कार्ना आणि आसपासच्या खडकाळ जमिनीत फारसे काही पिकत नव्हते, म्हणून बाहेरचे कुणी तिकडे आले नाही, आणि भाषा व गाणी घरातच राहिली. पुढे १९३५ मध्ये आयरिश फोकलोअर कमिशन हे लोकपरंपरा जमविणारे मंडळ स्थापन झाले. त्याचे संगीत-संग्राहक शेमस एनिस १९४२ पासून पाच वर्षे महायुद्धाच्या टंचाईत सायकलवरून गावोगाव फिरले. स्वतः उत्तम वादक, आयरिश अस्खलित, आणि ज्याच्याकडे जायचे त्याच्या घरचे होऊन राहायचे, असा तो माणूस होता. ग्लिन्स्का येथील कोलम ओ कीहॉन या एका शेतकरी-कोळ्याकडून त्यांनी दोनशेहून अधिक गाणी उतरवून घेतली. एका माणसाकडे दोनशे गाणी! आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या कामाची जात हीच आहे.

तिसरे कारण स्थलांतर. हे विचित्र वाटेल, पण गाणे परदेशातही टिकले. कार्नाजवळ १९१९ मध्ये जन्मलेले जो हीनी, आयरिश नाव शोसव ओ हेनी, हे वडिलांकडून गाणी शिकले, पोटासाठी इंग्लंड-स्कॉटलंडात राबले, १९६५ मध्ये अमेरिकेतील न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात गायले आणि नंतर न्यूयॉर्कला स्थायिक झाले. तिथे मॅनहॅटनमधील एका इमारतीच्या दारावर ते गणवेश घालून उभे राहत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी दार उघडत. त्या दारातून आत-बाहेर करणाऱ्या माणसांपैकी कितींना ठाऊक असेल की हा माणूस गळ्यात केवढे भांडार घेऊन उभा आहे? पुढे विद्यापीठांनी त्यांना शिकवायला बोलावले, १९८२ मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला, आणि १९८४ मध्ये सिअ‍ॅटल येथे त्यांचे निधन झाले तेव्हा देह कार्नाच्या मातीत आणला गेला. डारख ओ काहॉन (१९२२–१९८७) यांची कथाही अशीच आहे; शॉन ओ रियाडा ज्यांना या पद्धतीचे सर्वश्रेष्ठ गायक मानीत, त्यांचे आयुष्य इंग्लंडमधील लीड्स शहरात बांधकामावरच्या मजुरीत गेले.

यानंतर १९७२ मध्ये रेडिओ ना गेलटाख्ट हे आयरिश भाषेचे नभोवाणी केंद्र आणि १९९६ मध्ये दूरचित्रवाहिनी सुरू झाली. इराख्तस उत्सवातील सर्वांत मानाच्या गायनस्पर्धेच्या चषकाला ओ रियाडा यांचे नाव आहे, आणि शरद ऋतूतील त्या रात्री हजारो माणसे नुसत्या आवाजासाठी टाचणी पडली तरी ऐकू येईल अशा शांततेत बसतात. स्पर्धांमुळे एकाच भागाच्या, विशेषतः कॉनेमाराच्या, दाट हरकतींना अवास्तव महत्त्व आले आणि साधे गाणारे मागे पडले, अशी तक्रार आहे. मला ती रास्त वाटते; तरीही स्पर्धा नसती तर विशीतली मुले या गायनाकडे वळली असती का, याची मला शंका आहे.

कुठून ऐकायला सुरुवात करावी? (अनेक वाचक)

जो हीनी यांच्यापासून करावी. डब्लिनमधील आयरिश ट्रॅडिशनल म्युझिक अर्काइव्ह या १९८७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या संकेतस्थळावर पुष्कळ ध्वनिमुद्रणे मोफत ऐकता येतात. अमेरिकन संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी १९५१ मध्ये केलेली बेस क्रोनिन (१८७९–१९५६) या गायिकेची मुद्रणेही मिळवावीत. त्यांचा आवाज ऐकताना स्वयंपाकघरात हाताने काम करता करता म्हणणारी बाई डोळ्यांपुढे उभी राहते. आजच्या गायकांत इयरला ओ लिनार्ड ऐकावेत. एका बैठकीत दोनच गाणी ऐकावीत, दहा नव्हे.

माझी आजी ८१ वर्षांची आहे. तिला शेकडो ओव्या आणि भुलाबाईची गाणी येतात. गेल्या कोजागिरीला एका मंडळाने तिला व्यासपीठावर बोलावले आणि न विचारता मागे कीबोर्ड व ढोलक लावले. दोन ओळींनंतर ती थांबली, 'मले नाही जमत' म्हणाली आणि खाली उतरली. तेव्हापासून ती घरीही म्हणत नाही. आयर्लंडच्या लोकांनी अशा वेळी काय केले असते? (एक विद्यार्थिनी, उमरेड रोड)

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. आजींना जमले नाही असे नाही. जे त्यांच्या गाण्यात नव्हतेच ते त्यांच्यावर घातले गेले. ओवीचा षड्ज आजींच्या श्वासाने ठरतो आणि कीबोर्डने तो आधीच ठरवून टाकला. ओवीचे चवथे चरण कधी आखूड येते, कधी लांबते. ढोलकाची मात्रा त्याची वाट पाहत नाही. इराख्तसच्या गायनस्पर्धेत साथ चालत नाही ती याच कारणाने. साथीला तिकडे सरसकट विरोध आहे असेही नाही. ओ लिनार्ड पियानो आणि फिडल, म्हणजे व्हायोलिन, यांच्यासोबत गातात, परंतु तिथे पियानोवाला गायकाच्या मागून, त्याच्या श्वासाकडे कान देऊन चालतो, आणि गायकाने तो मार्ग स्वतः निवडलेला असतो. तुमच्या आजींना कुणी विचारले नाही, खरे दुःख त्याचे आहे.

आता काय करता येईल ते सांगतो. आजींना पुन्हा गाण्याचा आग्रह करू नका. दुपारचे जेवण झाल्यावर, पंखा बंद करून, त्यांच्याजवळ निवडायला गहू किंवा सोलायला तुरीच्या शेंगा घेऊन बसा आणि ओवीबद्दल न विचारता माणसांबद्दल विचारा. दळायला सोबत कोण बसायची, पहिली ओवी देवाची की माहेराची, भाऊ न्यायला आला नाही ते कोणत्या साली, भुलाबाईची खिरापत कुणाच्या घरची ओळखायला सर्वांत कठीण जात असे. गाणी जमविणाऱ्या एनिस यांनीही आधी हातातले काम वाटून घेतले आणि वही मागाहून काढली. हकिगत सांगता सांगता त्या मध्येच एखादी ओळ सुरात म्हणून जातील. तिथे दाद द्या, पण 'थांब, मोबाईल लावते' असे म्हणू नका. मोबाईल पहिल्यापासून त्यांच्या परवानगीने, वितभर अंतरावर, कापडावर ठेवलेला असू द्या, म्हणजे फरशीचा आवाज येणार नाही. प्रत्येक ओवीसोबत ती कुणाकडून आली, कोणत्या गावची, कोणत्या प्रसंगाची, हे वेगळ्या वहीत त्यांच्याच शब्दांत लिहा. 'मले' असेल तिथे 'मला' करू नका. एखादी ओवी त्यांनी दोन दिवशी दोन तऱ्हांनी म्हटली तर दोन्ही ठेवा.

आणि त्यांचा हात धरावासा वाटला तर धरा. वहीची एक प्रत या सदराच्या पत्त्यावर पाठविली तर पुढील कोजागिरीच्या अंकात, आजींची संमती असल्यास, त्या ओव्या त्यांच्या हकिगतींसह छापू.